काळं गवत पिकवणाऱ्या मॅडम

मॅडमनी मला कामावर घेतलं ते माझ्या भित्रेपणावर. खोटं वाटेल, पण तसंच झालं. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, शटर अर्धं वर, आत कडक इस्त्रीचा कुडता घातलेली एक बाई स्टुलावर बसलेली. गळ्यात क्रूस, आणि क्रुसाच्या शेजारी फुटबॉलच्या मॅचला वाजवतात तसली शिट्टी. मला वाटलं विचारतील, शिक्षण किती, आधी कुठे काम केलंत. उत्तरं पाठ करून गेले होते मी. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कशाकशाची भीती वाटते?"

मी गडबडले. म्हटलं, "कुकरची."

"अजून?"

"पालीची. लिफ्टची. ह्यांच्या बीपीची. आणि घरचा सिलिंडर बदलायची तर फारच. तो मी शेजारणीकडून बदलून घेते."

"रस्ता ओलांडायची?"

"ती तर आहेच हो!"

तेव्हा मॅडम पहिल्यांदा हसल्या. "सोमवारपासून या," म्हणाल्या.

माझ्या आधी एक मुलगी येऊन गेली होती, चांगली सायन्स शिकलेली. ती म्हणाली, मी कशालाच घाबरत नाही. तिला चहा पाजून परत पाठवलं.

ही जागा मला ह्यांनीच सांगितली होती. हे म्हणजे माझे यजमान. त्याच इस्टेटमध्ये स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचे. तिथले गाळे पाठीला पाठ लावून बांधलेले. मॅडमच्या गाळ्याची मागची भिंत तीच ह्यांच्या गाळ्याची मागची भिंत. पण एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर सगळी ओळ वळसा घालून जावं लागायचं. हे म्हणाले, "आमच्या मागं एक बाई आलीय, काहीतरी काळं-काळं बनवते. मदतीला बाई पाहिजे तिला. जा, घरात बसून डब्यांशी बोलतेस त्यापेक्षा बरं."

आता तिथे काय चालायचं ते मला समजलं तसं सांगते. एक लांब नळी होती क्वार्ट्झची. म्हणजे दिसायला काच, पण लाल होईपर्यंत तापवली तरी वितळायची नाही. ती विजेच्या भट्टीतून आरपार गेलेली. तिच्यात एक अरुंद पांढरी ताटली सरकवायची. बाकीचे लोक तिला बोट म्हणतात, मॅडम होडी म्हणायच्या, कारण त्या चौक गावच्या, उत्तनच्या पुढच्या, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. होडीत चमचाभर भुकटी. त्या भुकटीत लोखंडाचे आणि कोबाल्टचे कण, इतके बारीक की डोळ्याला दिसायची बातच नको. मग आरगॉन नावाच्या गॅसनं नळीतली हवा हाकलून द्यायची, भट्टी तापवायची, हायड्रोजन सोडायचा. त्यानं लोखंड जागं होतं, असं मॅडम म्हणायच्या. आणि मग ॲसिटिलीन, वेल्डिंगवाल्यांकडे असतो तोच. तो तापलेल्या लोखंडाला शिवला की फुटतो आणि त्यातला कार्बन त्या कणावर नळी होऊन वाढायला लागतो. एका नळीत दुसरी, दुसरीत तिसरी.

"कांद्याच्या पातीसारखं का हो?" मी विचारलं होतं.

मॅडमनी खरोखर विचार केला. असं कुणी काही विचारलं की त्या हसायच्या नाहीत, डोळे मिटून विचार करायच्या. "पातीत पात घातलेली," म्हणाल्या. "आणि केसाच्या कितीतरी पट बारीक."

बघायला काही नाही. होडी बाहेर आली की तिच्यात नुसती काळी लोकर. पण सूक्ष्मदर्शकातून काढलेला एक फोटो त्यांनी भिंतीवर लावला होता. त्यात माळावर गवत माजावं तसं दिसायचं, एकमेकांत गुंतलेलं. म्हणून मी त्याला काळं गवत म्हणायची. चमचाभर पेरलं की होडी भरून उगवायचं. प्लॅस्टिकवाले, रंगवाले, कॉलेजवाले घेऊन जायचे. प्लॅस्टिकमध्ये थोडंसं मिसळलं की त्यातून वीज जाते म्हणे. मला त्यातलं फार कळायचं नाही. माझं काम साबणाच्या पाण्याचं आणि ओल्या फडक्याचं.

साबणाचं पाणी म्हणजे असं. दाढीचा ब्रश घ्यायचा, फेस करायचा आणि गॅसच्या प्रत्येक जोडाला लावायचा. फुगा आला तर गळतंय. रोज सकाळी सगळे जोड. मी लावले की मॅडम पुन्हा स्वतः लावायच्या. मी म्हटलं एकदा, "माझ्यावर भरोसा नाय का?" तर म्हणाल्या, "माझ्याच डोळ्यांवर नाही, तुमच्यावर कुठून ठेवू?" आणि मग नाक वर करून गाळाभर हुंगत फिरायच्या, मांजरासारख्या. हायड्रोजनला वास नसतो हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तरी हुंगायच्या. "सवय," म्हणायच्या. "नाक रिकामं ठेवू नये."

माझी तिथली पहिली दिवाळी आठवते. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची, तिला हळदकुंकू वाहायचं, ही आमची रत्नागिरीकडची रीत. मी म्हटलं कामाच्या जागी लक्ष्मी हवीच. सकाळी केरसुणी काखेत मारून शटरखालून आत शिरले. मॅडम स्टुलावरून ताडकन उठल्या. मला वाटलं माझ्या मागून साप आला.

"तिथंच थांबा! खाली टेकवू नका."

"अहो मॅडम, केरसुणी आहे. लक्ष्मी आहे ती."

"लक्ष्मीला नमस्कार. पण आत न्हाय. झाडू आत न्हाय."

आणि हात जोडून, खरोखर हात जोडून, त्या केरसुणीसमोर उभ्या राहिल्या, चेहरा पांढराफटक. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेर खिळ्याला टांगली तेव्हा त्या खाली बसल्या. मग सांगितलं, "झाडलं की हे उडतं. उडालेलं दिसत नाही. दिसत नाही ते नाकातून आत जातं, आणि गेलेलं बाहेर येईल असं नाही."

"आत गेलं तर काय होतं?"

"नक्की कुणालाच माहीत नाही, वहिनी. छपराच्या सिमेंटच्या पत्र्यात जो तंतू असायचा, त्याच्याबद्दलही आधी म्हणायचे, काही होत नाही. मग माणसं खोकायला लागली. हे त्याच्यासारखं दिसतं, लांब आणि टोकदार. त्याच्यासारखं वागेलच असं नाही. वागणार नाही असंही नाही. म्हणून भ्यायचं."

शेवटी पूजा केली आम्ही. ओल्या फडक्याची. फडक्याला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, मॅडमनी मास्क न काढता प्रसाद हातात घेतला आणि बाहेर जाऊन खाल्ला. अशी लक्ष्मी अख्ख्या भाईंदरात दुसऱ्या कुणी पुजली नसेल.

पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली हो. घरी गेले की आधी आंघोळ, मग नातीला जवळ घ्यायचं. उशीचे अभ्रे उन्हात धरून बघायचे, काही काळं चमकतंय का. सून म्हणायची, "आई, तुम्ही कामाला जाता की ऑपरेशनला?" खोकला आला की मी मोजके श्वास घ्यायची, जशी काही छाती कुणी कान लावून ऐकतंय. भीती ही अशी असते बघा, एकदा शिकवली की ती दुसऱ्याच्या घरी राहायला येते.

मॅडमना कुणी शिकवली, ते मला गाळा बंद झाल्यावर कळलं. एका रविवारी त्यांनी चौकला जेवायला बोलावलं. भाईंदर पश्चिमेहून बस. घराच्या ओट्यावर बसून दिसेल तेवढा समुद्र. मी म्हटलं, काय छान, रोज समुद्र बघायचा. मॅडम पाठ फिरवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला न्हाय आवडत."

मग बापाची गोष्ट सांगितली. बाप तांडेल होता, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. "गावातला सगळ्यात भित्रा तांडेल. ढग बघितला की होडी परत. वारा फिरला की परत. सगळे हसायचे, टोपलीत मासळी कमी म्हणून आई रडायची. बाप म्हातारा होऊन खाटेवर मेला." आणि म्हणाल्या, "त्याच्या होडीवरचे सगळे खाटेवरच मेले."

गावची बोली त्यांच्या तोंडात एरवी यायची नाही. मोठ्या लॅबमध्ये वर्षं काढलेली बाई, बोलणं एकदम शुद्ध, फोनवर इंग्रजी. पण भ्यायल्या की 'हाय-न्हाय' यायचं. आम्हाला सगळ्यांना हे पाठ झालं होतं. मॅडम 'नाही' म्हणाल्या तर काम चालू ठेवायचं. 'न्हाय' म्हणाल्या की चपला शोधायच्या.

आता भिंतीचं सांगते. तीच खरी गोष्ट, बाकीचं मी नुसतं फिरतेय तिच्याभोवती.

एके दिवशी मी भट्टीच्या मागे फडकं फिरवत होते आणि भिंतीतून घर्रर्र घर्रर्र आवाज येत होता. कान लावला तर कळलं, ही ह्यांचीच मशीन. पॉलिशची चाकं फिरतात ना, तो आवाज. त्यातही ह्यांचा ठेका मला ओळखू येतो, भांडं टेकवायचं, उचलायचं, टेकवायचं. मला हसू आलं. संसाराला इतकी वर्षं झाली, आता भिंतीतून भेटतोय. हसता हसता मान वळवली तर नळीचं तोंड बरोबर माझ्या समोर. गाळा अरुंद, नळी लांब, त्यामुळे ती गाळ्याच्या लांबीलाच आडवी ठेवावी लागायची. एक तोंड शटरकडे, एक मागच्या भिंतीकडे. दोन्ही तोंडांना पितळेची जड टोपणं. आणि मॅडमनी आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तापलेल्या नळीत हायड्रोजन असताना हवा शिरली तर स्फोट होईल, आणि झाला की आधी टोपणं उडतील.

मी विचारलं, "मॅडम, ही भिंत टिकेल ना?"

मॅडम खोटं बोलायच्या नाहीत, हा त्यांचा सगळ्यात मोठा दुर्गुण. वर बघितलं. भिंत माणसापेक्षा थोडी उंच विटांची, त्याच्या वर छपरापर्यंत नुसता पत्रा. म्हणाल्या, "माहीत नाही. पलीकडे कोण बसतं?"

"आमचे हे."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून वाळूच्या गोण्या आल्या आणि आम्ही त्या भिंतीला लावून रचल्या. नंतर मॅडम म्हणाल्या, "आता थोडी टिकेल." थोडी!

तेव्हापासून मी ह्यांच्या मागे लागले. मशीन हलवा. दुसऱ्या बाजूला घ्या. हे म्हणायचे, "मशीन काय पाट आहे उचलून ठेवायला? तिथं उजेड येतो." मी रडले. मी जेवण सोडलं एक वेळ. हे म्हणाले, "तुला त्या बाईनं बिघडवलं. चांगली बाई होतीस, नुसती पालीला घाबरायचीस." सगळ्यात वाईट म्हणजे ह्यांना ऐकायलाच कमी यायचं. मशीनपाशी आयुष्य गेलं, कान गेले. त्यामुळे भांडणसुद्धा ओरडून करावं लागायचं आणि शांती नगरच्या आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळलं होतं की आमच्याकडे भिंतीवरून वाद आहे. लोकांना वाटलं, फ्लॅटची भिंत.

मॅडमची रीत अशी. भट्टीत हायड्रोजन सोडण्याआधी त्या स्वतः ओळ वळसा घालून पॉलिशच्या गाळ्यात जायच्या आणि सांगायच्या, "चालू करतेय." आणि जरा जरी शंका आली, जोडाला फुगा दिसला, नाकाला काही भासलं, की शिट्टी. शिट्टी वाजली की दोन्ही गाळ्यांनी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी यायचं. कुणाला सक्ती नाही, पण येईल त्याला चहा मॅडमकडून. पॉलिशची पोरं युपी-बिहारची, गरम चहाला कोण नाही म्हणतं! शिट्टी झाली की ओरडायची, "चलो भाई, मॅडमजी को डर लगा!" आणि हसत हसत बाहेर. टपरीवाला तर सकाळीच विचारायचा, "मॅडम, आज डरनेवाली हो क्या? दूध ज़्यादा मंगाऊँ?"

मॅडम त्यावर रागवायच्या नाहीत. टपरीपाशी उभ्या राहून डोकी मोजायच्या. आणि दर वेळी एक डोकं कमी भरायचं.

ह्यांना चहा चालत नाही, पित्त होतं. मॅडमनी ह्यांच्यासाठी कोकम सरबत ठेवलं. ह्यांनी पोरांबरोबर निरोप पाठवला, "सरबत आत पाठवा." मॅडम एकदा आमच्या घरी आल्या, फक्त ह्यांना समजवायला. सोफ्याच्या कडेवर बसल्या. हे मोठ्यानं म्हणाले, "बाई, मी ह्या मशीनवर तीन मालक बघितले. कोण मेलं नाही. तुमच्या शिट्टीला उठत बसलो तर हंडे कोण घासणार?"

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या नाकातोंडात ते पॉलिशचं काळं जातं, त्याचीपण भीती नाही वाटत?"

"रुमाल बांधतो की."

"रुमालानं काय होतंय?"

"मग भीतीनं काय होतंय?" हे म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

मॅडम जिन्यातून उतरताना मला म्हणाल्या, "शहाणे आहेत तुमचे यजमान. शहाणी माणसं फार अवघड." खाली गेल्यावर पुन्हा वर आल्या. मला वाटलं पर्स विसरल्या. म्हणाल्या, "वहिनी, निघताना गॅस बंद केला होता ना तुम्ही?" आमच्याच घरातला. मी घरातच होते!

असे दिवस चालले होते. मी रोज सकाळी भिंतीला कान लावायची, तो ठेका ऐकायची. बंद असला की जीव भांड्यात पडायचा, म्हणजे हे जेवायला गेलेत. चालू असला की एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत बसायची. आणि समोर ती बुडबुड्यांची बाटली.

ती बाटली सांगायलाच हवी. नळीतून बाहेर पडणारा गॅस एका तेलाच्या बाटलीतून जायचा. बुड बुड बुड, सारखे बुडबुडे. म्हणजे गॅस आतून बाहेर चाललाय, ठीक आहे. भट्टी बंद करून नळी थंड होताना आरगॉन चालूच ठेवायचा, बुडबुडे थांबता कामा नयेत. का? तर नळी थंड व्हायला लागली की आतला गॅस आकसतो आणि नळी श्वास आत ओढते. आरगॉन नसेल तर ती तेल ओढणार. मध्ये एक रिकामी बाटली ठेवलेली, उलटं आलेलं तेल तिच्यात पडावं म्हणून. पण तेल संपलं की त्याच्यामागून हवा. मॅडम मला सांगायच्या, "तेल संपेपर्यंतचा वेळ आपला, वहिनी. पुढचा भट्टीचा."

तो दिवस अगदी साधा होता. दुपार व्हायची होती. होडी पिकली होती. मॅडमनी ॲसिटिलीन बंद केला, हायड्रोजन बंद केला, भट्टी बंद केली. आता नुसता आरगॉन, रोजच्यासारखा, आतलं सगळं धुऊन काढायला. आरगॉनच्या सिलिंडरवरचा काटा भरलेला दाखवत होता. मॅडमनी सवयीनं काट्याच्या काचेवर नखानं टिचकी मारली.

काटा धप्पकन शून्यावर आला.

अडकला होता. सिलिंडर केव्हाचा संपला होता कोण जाणे, आणि आम्ही जे बुडबुडे बघत होतो ते नुसत्या हायड्रोजनचे. मी बाटलीकडे बघितलं. एक बुडबुडा आला. मग नाही. मग तेल, हळूच, एखादी मुंगी चढावी तसं, नळीच्या दिशेनं वर चढायला लागलं.

"वहिनी," मॅडम म्हणाल्या, अगदी हळू, "भायेर."

त्यांनी मला दंडाला धरून शटरखालून काढलं. हायड्रोजन-ॲसिटिलीनचे सिलिंडर बाहेरच्या जाळीत असायचे, ते हातानं पिळून बंद केले, आणि शिट्टी फुंकली. फुंकली म्हणजे काय, गाल फुटतील अशी. ओळीच्या पलीकडून पोरं हसत आली, "चलो, चाय!" मॅडमचा चेहरा बघितला आणि हसणं जागच्या जागी राहिलं. मॅडमनी डोकी मोजली. एक कमी.

मी धावणार तर त्यांनी मला मागे ओढलं. "तुमी न्हाय. तुमच्या सांगण्यानं येतील काय? आजपातूर आले?"

आणि त्या गेल्या. दुसरा आरगॉन जोडायला नाही, भट्टीकडे नाही. साडेचार फुटी बाई, ढगाला भिणाऱ्या तांडेलाची मुलगी, ओळ वळसा घालून त्या भिंतीच्या चुकीच्या बाजूला धावत गेली. मी थांबले नाही अर्थात. मागोमाग गेले आणि पॉलिशच्या गाळ्याच्या दारात येऊन खिळले.

हे मशीनवर. तोंडाला रुमाल, पाठ भिंतीला, पुढ्यात हंडे. मॅडम समोर उभ्या राहून ओरडल्या, "भाऊ, चला!" ह्यांनी हातानं खूण केली, येतो, येतो, म्हणजे येत नाही. मॅडमनी पुन्हा सांगितलं. ह्यांनी हंडा फिरवून दुसरी बाजू लावली चाकाला.

तेव्हा मॅडमनी एक पत्र्याचा डबा ओढला, उलटा घातला आणि ह्यांच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, त्यावर बसल्या.

ह्यांनी बघितलं. "बाई, उठा! कपड्यांना काळं लागेल!"

"लागू द्या."

"इथं कशाला बसताय?"

मॅडमनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि अंग असं थरथरत होतं की गळ्यातली शिट्टी क्रुसावर वाजत होती. मशीनच्या आवाजात ऐकू येणं शक्य नाही, मला दिसत होती वाजताना. ह्यांनाही दिसली. ह्यांनी बटण दाबलं. चाकं फिरत फिरत मंद झाली.

"भिताय तुम्ही?" हे म्हणाले.

"मरणाची."

"मग जा की बाहेर!"

"तुमी हाय तवर न्हाय जात."

हे त्यांच्याकडे बघत राहिले. मग दारात माझ्याकडे बघितलं. मी काय केलं मला आठवत नाही, हे सांगतात की मी नुसती मान हलवत होते, हो पण नाही आणि नाही पण नाही. तिकडे भिंतीपलीकडे तेल संपत होतं, आणि इकडे ह्या माणसानं रुमाल सोडला, झटकला, घडी घातली, आणि खाली वाकून चपला शोधायला लागला. मी किंचाळले. मॅडमनी ह्यांचं मनगट धरलं. एक चप्पल पायात, एक तशीच, असे आम्ही तिघं बाहेर आलो. ओळीच्या टोकाला पोचलो, वळलो.

आवाज मोठा नव्हता. लोकांना वाटतं स्फोट म्हणजे सिनेमातला. हा म्हणजे जाडजूड दार कुणीतरी रागानं आपटावं तसा, धप्प. मग पत्रा कोसळल्याचा खडखडाट. मग काचेचा पाऊस, बराच वेळ. मग काही नाही. पॉलिशची पोरं एकमेकांना धरून उभी होती. टपरीवर दूध उतू जात होतं आणि कुणी गॅस बंद करत नव्हतं.

मॅडमनी कुणाला आत जाऊ दिलं नाही. "हवेत हाय ते अजून," म्हणायच्या आणि हात पसरून रस्त्यात उभ्या. संध्याकाळी मास्क लावून, ओली चादर घेऊन त्याच आधी आत गेल्या. गोण्यांनी भिंत धरली होती. पण मागचं टोपण गोण्यांच्या वरून गेलं होतं, पत्रा फाडून. ह्यांच्या स्टुलापाशी हंड्यांचा ढीग चेपून बसला होता, आणि त्यावर, सगळीकडे, काळं गवत.

मॅडमनी भट्टी पुन्हा लावली नाही. माणसं विचारायची, पैसे नाहीत का, परवानगी नाही का. त्या म्हणायच्या, "आता पलीकडे कोण बसतं ते माहीत आहे मला." एवढंच. पॉलिशच्या गाळ्याची भिंत, पत्रा, हंडे, सगळं त्यांनी नीट करून दिलं आणि चौकला गेल्या. अजून फोन येतो. पहिलं वाक्य, "वहिनी, खोकला नाही ना?" दुसरं, "भाऊ कसे?"

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. आम्ही दोघं इस्टेटमधून निघालो. बाई बरोबर होती असं हे म्हणाले नाहीत, आजतागायत म्हटलेलं नाही. रिक्षा केली. शांती नगर सांगितलं. रिक्षा चालू झाली आणि ह्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत चारचौघांत कधी धरला नव्हता. तळवा ओला होता, काळा होता. समोरून ट्रक आला तर ह्यांनी डोळे मिटले. हा माणूस, ट्रकला! प्रत्येक खड्ड्याला ह्यांची बोटं माझ्या बोटांवर आवळायची.

माझ्या हाताला मुंग्या आल्या. बोटं सुन्न पडली. पण मी हात हलवला नाही. मला वाटलं, जरा हलले तर हा माणूस पुन्हा धीट होईल.